किणीकरबाईंचं पान

"उलटं लाव," अण्णा म्हणाले, आणि मी पान डोकं खाली पाय वर करून भिंतीला टाचलं.

मिरजेत, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर आमच्या 'सूरपान' मासिकाची कचेरी होती. खाली भोपळे घासण्याचा आवाज आणि वर आमच्या कात्र्या. अंक छापून आला की त्याच दुपारी संपादक अण्णा गलगले त्यातलं एक पान निवडत आणि आमच्यापैकी एकाला ते सगळ्यांसमोर 'वाचायला' लावत. वाचायचं म्हणजे मजकूर नव्हे, मांडणी. आधी पान उलटं टांगायचं, म्हणजे अक्षरं वाचता येत नाहीत, नुसतं काळं आणि पांढरं उरतं. मग सांगायचं, डोळा पहिल्यांदा कुठे पडतो, तिथून कुठे जातो, कुठे अडखळतो. 'छान', 'सुंदर', 'बरं नाही' हे शब्द बंद. आणि वाचणाऱ्याचं संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. ज्याने पान लावलं असेल त्याने तर नाहीच.

त्या दुपारी पाळी माझी होती. पान होतं यामिनी किणीकर या गायिकेच्या मुलाखतीचं. आणि पानं लावायचा दिगू. अंकाच्या सुरुवातीला दर महिन्यासारखं छापलेलंच होतं, 'मांडणी : दि. वि. हेर्लेकर'.

दिगू म्हणजे माझा होणारा नवरा. साखरपुडा झाला होता, लग्न माघात होतं. आम्ही एकाच टेबलावर समोरासमोर बसून कामं करायचो. तो पानं जुळवायचा, मी मथळे काढायची आणि चित्रं. पानाकडे कसं बघावं हे मला त्यानेच शिकवलं होतं. आदला पूर्ण महिना मात्र मी बहिणीच्या बाळंतपणासाठी गडहिंग्लजला होते, त्यामुळे हा अंक तयार होताना मी तिथे नव्हते. पान मीही पहिल्यांदाच बघत होते.

किणीकरबाईंबद्दल माझं मत मी लपवून ठेवलेलं नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. बाई इचलकरंजीच्या. वयाने माझ्याएवढ्याच, पण चालणं, बसणं, पदर सावरणं असं, की खोलीत आल्या की बाकीच्या बायका आपोआप मदतनीस दिसायला लागत. गायच्या चांगल्या, त्याला माझा इलाज नव्हता. गडहिंग्लजला मला दिगूचं एक कार्ड आलं, त्यात लिहिलं होतं की किणीकरबाईंकडे जाऊन आलो, मी फोटोला आणि कोरे नोटेशन उतरवून घ्यायला, बाईंनी अंगणातली अनंताची फुलं दिली, तुझी आई खूश झाली. माझी आई! फुलं माझ्या घरी पोचवलीस, म्हणजे तुझ्या मनात काही नाही असं दाखवायचं होतं तुला. मी बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत बसले आणि जळत राहिले. मत्सराला काही लोक नाजूक नावं देतात. मी सरळ जळत होते.

आणि आज बाई स्वतःच हजर होत्या. आपल्या प्रती घ्यायला आल्या होत्या. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा, बसा. तुमच्याच पानाचा नंबर लागलाय. आमच्या या प्रमिला आवटे. पान वाचतात म्हणजे सोलूनच ठेवतात."

"माझ्या फोटोचं काही वाईट बोलू नका हं," बाई हसत म्हणाल्या.

"तुमच्या फोटोला कोण वाईट म्हणेल?" मी म्हटलं. गोड म्हटलं. दिगूने मान वर करून माझ्याकडे बघितलं, कारण माझा गोड आवाज त्याला ओळखीचा होता.

खिडकीजवळ कोरे बसले होते. परशुराम कोरे, आमचे नोटेशनवाले. सुरांच्या अक्षरांवर आणि खाली जी टिंबं असतात, ती छपाईच्या अक्षरांत तेव्हा धड येत नसत. कोरे ती बारीक निबाने हाताने देत. खालचं टिंब म्हणजे खर्जातला सूर, वरचं टिंब म्हणजे तारसप्तकातला. चाळिशी उलटलेला, सफारी घालणारा, केसांना रोज तेल लावून भांग पाडणारा माणूस. लग्न केलेलं नव्हतं. आपण गातोही, असा त्यांचा समज होता. तो कोणी खोडून काढला नव्हता, कारण त्यांना गा म्हणायची वेळच कोणी येऊ दिली नव्हती.

"हं, सुरू कर," अण्णा म्हणाले. "आणि ती पांढरी जागा काय भानगड आहे, ते आधी सांग. कागद काय आपल्या शेतात पिकतो?"

मी भिंतीकडे वळले.

दिगूचं पान म्हणजे लग्नघरातली शेवटची पंगत. जिथे बूड टेकेल तिथे माणूस. मथळ्याला चौकट, फोटोला चौकट, चौकटीच्या शेजारी दुसरी चौकट, आणि तळाशी पेटीच्या दुकानाची जाहिरात. पानात दोन बोटं जागा मोकळी दिसली की त्याला चैन पडत नसे, कुठला तरी चुटका आणून तिथे चिकटवायचा. हे मी कौतुकाने सांगायची. सगळीकडे सांगायची.

आणि हे पान! उलटं असूनही दिसत होतं. डावीकडे एक उभा काळा ठोकळा, तो फोटो. उजव्या कडेला मजकुराचा एकच सडपातळ रकाना. आणि दोहोंच्या मध्ये वरपासून जवळजवळ तळापर्यंत पांढरं. तळहात ठेवावा एवढं रुंद, आणि त्यात काहीच नाही. एकही चौकट नाही. जाहिरात नाही.

"डोळा आधी फोटोवर पडतो," मी सुरुवात केली. "तिथून तो मजकुराकडे जायला पाहिजे. जात नाही. मधल्या पांढऱ्यात थांबतो आणि परत फोटोकडे येतो."

"का?" अण्णांनी विचारलं. अण्णांना मात्र बोलायची मुभा होती.

"सरळ लावते, म्हणजे कळेल."

मी पान सरळ केलं. बाई गात होत्या. तंबोऱ्याच्या मागून चेहरा थोडा उजवीकडे वळलेला, डोळे अर्धे मिटलेले. पाहवत नव्हता इतका चांगला फोटो होता.

"चेहरा ज्या बाजूला बघतो त्या बाजूला मजकूर लावायचा, हा पहिला धडा," मी म्हणाले. हा धडा मला कोणी दिला ते सगळ्यांना ठाऊक होतं. "म्हणजे वाचणारा चेहऱ्याच्या नजरेबरोबर मजकुरात शिरतो. इथे बाई उजवीकडे बघतात, पण त्यांच्यासमोर अक्षर नाही. मजकूर लांब सारलाय. का? तर बाईंच्या नजरेच्या आड काही यायला नको. एक ओळसुद्धा नको."

किणीकरबाई खुर्चीत जरा पुढे सरकल्या. मला ते दिसलं, आणि मला जोर आला.

"फोटोची ओळ बघा. आपण काय लिहितो? अमुक अमुक, तमक्या मंडळाच्या मैफलीत, साथीला तमुक. इथे काय लिहिलंय? 'यामिनी किणीकर, गाताना.' बस. गाव नाही, मंडळ नाही, तबलजी नाही. जगात त्या वेळी दुसरं कोणी नव्हतंच."

"तबलजी होते," बाई हळूच म्हणाल्या.

"नियम," अण्णांनी बोट वर केलं.

"मुलाखतीतलं एक वाक्य आपण मोठ्या अक्षरांत काढतो," मी पुढे निघाले. "गुरूंबद्दलचं काढतो, रागाबद्दलचं काढतो. इथे कोणतं काढलंय, वाचते. 'सकाळचा चहा होईपर्यंत मी कोणाशी बोलत नाही.'"

अण्णा फसकन हसले. मी हसले नाही.

"संगीताच्या मासिकात चहा. वाचकांना याचा उपयोग काय? काही नाही. हे त्याच माणसाच्या लक्षात राहतं, ज्याला सकाळी उठल्या उठल्या या बाई कशा असतील याचा विचार पडलाय."

"प्रमिला, एक मिनिट," दिगू उठला. "ऐक, ते पान..."

"हेर्लेकर, नियम!" अण्णा म्हणाले. "तुम्हीच केलेला नियम आहे."

दिगू बसला. त्याने कपाळाला हात लावला. तो कपाळाला लावलेला हात मी कबुली म्हणून जमा करून घेतला. माझे कान तापले होते, पण आवाज स्थिर होता. शाळेत वक्तृत्वाची ढाल मी उगाच नव्हती मिळवली.

"आता नोटेशन," मी म्हटलं. "तळाशी बाईंच्या बंदिशीचं नोटेशन दिलंय. ओळींमधलं अंतर बघा. गेल्या अंकात खाँसाहेबांची बंदिश होती, ती कशी कोंबली होती? वरच्या ओळीचं खालचं टिंब खालच्या ओळीच्या डोक्यावर बसलं. खालच्या ओळीतला साधा सूर वाचणाऱ्याने तारसप्तकात लावला आणि साताऱ्याहून तक्रार आली. तेव्हा म्हणे जागा नव्हती. इथे दोन ओळींत बोट जाईल एवढं अंतर आहे. बाईंचं एक टिंब इकडचं तिकडे होता कामा नये. खाँसाहेबांचे सूर भरकटले तर भरकटू देत!"

खाली दुकानात कोणी तरी तारा जुळवायला घेतल्या होत्या. मला कळत होतं की आता थांबावं. अण्णांना हवं होतं ते सांगून झालं होतं. पण दिगू मान खाली घालून बसला होता, बाई शांत बसल्या होत्या, आणि त्यांचं ते शांत बसणं मला सहन झालं नाही.

"मी या पानाला चांगलं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही. तो नियम आहे," मी म्हणाले. "मी एवढंच सांगते, की ज्या माणसाने आयुष्यात दोन बोटं जागा सोडली नाही, तो तळहाताएवढी जागा सोडतो, जाहिरात हाकलतो, चौकटी मोडतो, ते उगाच नाही. ज्याने हे पान लावलंय त्याचं या बाईंवर मन जडलंय. माझं वाचन संपलं."

मी टेबलापाशी येऊन बसले.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हेर्लेकर," ते म्हणाले, "आता बोला."

दिगूने तोंडावरून हात फिरवला. "अण्णा, हे पान माझं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी लावलेलं नाही. दिवाळीच्या जाहिराती गळ्याशी आल्या होत्या. म्हटलं, हे एक पान कोणी घेतलं तर सुटलो." तो थांबला. पुढचं नाव त्याच्या तोंडातून निघेना, पण मान खिडकीकडे वळलीच.

कोरे उभे होते. कधी उठले कोणाला कळलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते आणि त्या लाल कानांवर तेल लावलेला भांग फार केविलवाणा दिसत होता.

आणि मला सगळं दिसलं. ओळींमधलं ते अंतर! टिंबाला जागा हवी हे दिगूला कधी सुचलं असतं? गेली कित्येक वर्षं कोरे कुरकुरत होते, दोन ओळींत जागा सोडा हो, टिंबं एकमेकांच्या घरात शिरतात. दिगू म्हणायचा, हो हो, आणि कोंबायचा. पानाच्या तळाशी कोऱ्यांची सही केल्यासारखी होती ती आणि मी तिच्यावर बोट ठेवून दिगूचं नाव वाचलं होतं.

किणीकरबाई उठल्या आणि भिंतीपाशी गेल्या. पाठमोऱ्या उभ्या राहून त्यांनी पान वरपासून खालपर्यंत बघितलं. घाई केली नाही.

"हे चहाचं मी बोलले होते?" त्यांनी न वळता विचारलं.

"बोललात," कोरे म्हणाले. "हेर्लेकर बाहेर उजेड बघायला गेले होते तेव्हा. मी बंदिश उतरवत होतो."

"मुलाखतीत नव्हतं."

"नाही. मी घातलं. माफ करा. पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ."

"दुरुस्ती कसली? खरंच आहे ते." बाई वळल्या. मला वाटलं होतं चिडतील, किंवा लाजतील, किंवा हसून सोडून देतील. यातलं काही झालं नाही. त्यांनी कोऱ्यांकडे असं बघितलं, जसं आपण रोजच्या रस्त्यावरच्या घराकडे एक दिवस दार उघडं दिसल्यावर बघतो. "माझ्या प्रतींचा गठ्ठा जड आहे हो कोरे. रिक्षापर्यंत धराल का?"

कोऱ्यांनी गठ्ठा उचलला. जिन्यावर त्यांची पावलं आधी वाजली आणि मग बाईंची. अण्णा छताकडे बघत म्हणाले, "आजच्यासारखं वाचन या कचेरीत झालं नव्हतं." मग खुर्चीवरून उठून आतल्या खोलीत गेले.

दिगू मला समोरच्या हॉटेलात घेऊन गेला. रागावला असता तर मला समजलं असतं. तो हसत होता. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं आणि तो अगदी मजेत होता.

"पमे, अगं, त्या बाईवरून तू माझ्यावर?" त्याने दोन चहा सांगितले. "मला तर ती बाई आली की जांभया येतात. नुसती गुरुपरंपरा. बिचाऱ्या कोऱ्याचा बाजार उठवलास की गं सगळ्यांसमोर."

"मला काय ठाऊक ते त्यांचं होतं."

"ठाऊक नको? इतकी वर्षं माझ्यासमोर बसतेस. माझं पान तुला ओळखता येत नाही? एक चौकट नाही त्यात!"

"तेच म्हणते मी. चौकट नव्हती, म्हणून तर वाटलं."

त्याला ते कळलं नाही. त्याने बशीत चहा ओतला. मला आता बरं वाटायला हवं होतं. आरोप खोटा ठरला होता, माणूस माझाच होता, माघातला मुहूर्त जागेवर होता. पण माझ्या डोळ्यांसमोरून ते पांढरं हलत नव्हतं. जळणं थांबलंच नव्हतं. उलट वाढलं होतं, आणि आता ते दिगूसाठी नव्हतंच. त्या बाईसमोर कोणी तरी इतकी जागा सोडली होती. त्या तेल लावणाऱ्या, आपण गातो असं समजणाऱ्या कोऱ्याने. आणि तीही बाईने न मागता.

"दिगू, ते पान तू लावलं असतंस तर कसं लावलं असतंस?"

"मी?" तो खुलला. कामाचा विषय निघाला की तो खुलायचाच. त्याने सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि टेबलावर आखायला लागला. "हे बघ. फोटो इथे वर, निम्मा. त्याला जाड चौकट. इथे मथळा. मजकूर तीन रकाने, गच्च. खाली पेटीवाल्याची जाहिरात, आणि इथे कोपऱ्यात जागा उरतेच, तिथे एखादा चुटका."

"आणि मुलाखत माझी असती तर?"

"तुझी?" तो हसला. "तू कुठे गातेस?"

"समज, गाते. समज, फोटो माझा आहे."

त्याने खरंच विचार केला. थट्टा केली नाही. दिगू कामात कधी थट्टा करत नसे. टेबलावरच्या ओल्या रेघांकडे बघत तो म्हणाला, "हेच. फोटो कोणाचा का असेना, पान ते पान. तुझा आहे म्हणून मी जागा फुकट कशाला घालवू?"

तो खरं बोलला. तो नेहमीच खरं बोलायचा. माणूस निर्व्यसनी, कामसू, माझ्या आईला फुलं आणून देणारा. वेटरने फडकं मारलं आणि टेबल पुसून निघून गेला.

"ते पान तुझं असतं तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

"काय?"

"त्या बाईसाठी का होईना. निदान तुला तसं करता येतं, एवढं तरी कळलं असतं."

"पमे, तुझं डोकं फिरलंय," तो म्हणाला, प्रेमानेच म्हणाला, आणि माझा उरलेला चहा पिऊन टाकला.

कोरे पुढे रविवारची इचलकरंजीची गाडी पकडायला लागले, असं कानावर आलं. पुढचं मी कोणाला विचारलं नाही. ऐकून मला आनंद झाला, असं म्हणणार नाही.

साखरपुड्याची साडी परत करायची असं मी घरी सांगितलं, तेव्हा आईने हातातलं निवडणं खाली ठेवलं. अनंताची फुलं तिने देव्हाऱ्यात वाहिली होती, त्यामुळे तिला माझ्यापेक्षा जास्त धक्का बसला. तिने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"खरं सांग मला. त्याच्या मनात दुसरी कोणी आहे का?"

"नाही आई," मी म्हटलं. "दुसरी नाही. पहिलीही नाही."